शेळ्यांची व्हिटॅमिन ई-सेलेनियम पावडर : डब्यावर 'लुसलुशीत मटण', प्रत्यक्षात काय? (५ पैकी ३)

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन स्टार. करडांसाठी विचाराल तर चार देते, मटणासाठी विचाराल तर दीड, आणि गंमत अशी की डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात मटणाचंच छापलंय. 'मांस लालभडक, लुसलुशीत व वजनदार', खाली बोकडाचा फोटो, बोकड असा चकचकीत की आमच्या भागात तेल लावूनसुद्धा तसा दिसणार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एका कंपनीचा प्रश्न असता तर लिहिलं असतं, पण सोलापुरात पशुखाद्याच्या कुठल्याही दुकानात जावा, फळीवर असे चार-पाच डबे असतात आणि मागचा मजकूर जवळपास तोच. रंग बदलतो, बोकड बदलतो, बाकी सेम.

थोडं आमचं. सासर बोरामणीकडं, दक्षिण सोलापूर, मामंजींच्या उस्मानाबादी शेळ्या आहेत, फार मोठा फार्म वगैरे नाही, घरची दावण. मी जुळे सोलापुरात मेडिकलवर बसते, डी.फार्म झालंय, त्यामुळं डबा हातात आला की पुढचं चित्र बघायच्या आधी मागचं बारीक अक्षर वाचायची खोड आहे, घरात सगळे वैतागतात. मामंजींनी हा डबा आणला तो दुकानदाराच्या सांगण्यावरून, "बकरी ईदला माल काढायचाय ना, मग आत्तापासून चारा, खाटिक स्वतः दारात येईल." किलोचा डबा साडेतीनशेला पडला.

पावडर दिसायला फिकट पिवळट, वास थोडा गुळचट थोडा औषधी, सोबत प्लास्टिकचा चमचा. शेळ्या नाक मुरडत नाहीत, मक्याच्या भरड्यात कालवली की चाटूनपुसून खातात, नुसती गव्हाणीत टाकली तर मात्र तळाला बसते आणि वाऱ्यानं उडते, म्हणून भरडा थोडा ओलसर करून घ्यायचा. चमच्यावर १० ग्रॅमची रेघ आहे ती बरोबर आहे, दुकानातल्या वजनकाट्यावर टाकून बघितली. पॅकिंगला पूर्ण मार्क, झाकण घट्ट, आत वेगळी पिशवी.

आता मागचं लेबल. किलोला व्हिटॅमिन ई ५,००० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक), सेलेनियम १० मिलिग्रॅम, शिवाय ए, डी३, थोडं बी-कॉम्प्लेक्स, झिंक, कॉपर वगैरे मंडळी. डोस मोठ्या जनावराला रोज १० ग्रॅम. म्हणजे रोजचे ई ५० आययू आणि सेलेनियम ०.१ मिलिग्रॅम. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

मटणाचा आणि व्हिटॅमिन ईचा संबंध खोटा नाहीये, ते आधी कबूल करायला पाहिजे, नाहीतर कोणीतरी खाली येऊन म्हणेल ताईला काही कळत नाही. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रोटीनमुळं असतो. ताजं कापलं की आतून जांभळट दिसतं, हवा लागली की दहा-पंधरा मिनिटांत लाल फुलतं, आणि तसंच ठेवलं की हळूहळू तपकिरी पडत जातं, कारण त्या मायोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिडाइज होतं. त्याच वेळी चरबीही हवेनं खराब व्हायला लागते आणि मग तो शिळा, खवट वास येतो. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळणारं आहे, जनावराच्या पेशींच्या पातळ पडद्यात जाऊन बसतं आणि ही खराब व्हायची साखळी मधेच तोडतं. आणि ते जनावर जिवंत असताना चाऱ्यातूनच आत जायला पाहिजे, कापल्यावर मांसाला वरून चोळून तो परिणाम येत नाही, कारण ते पेशीच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लोकांनी १९८०च्या शेवटापासून १९९०च्या दशकात यावर बरंच काम केलं, गोमांसावर, तिकडचं तेच मुख्य. त्यातून निघालं की जनावराला रोज साधारण ५०० आययू असं शंभरावर दिवस दिलं आणि मांसात किलोमागं ३ ते ३.५ मिलिग्रॅम ई साठलं की दुकानातल्या काचेच्या फ्रिजमध्ये रंग जास्त दिवस लाल राहतो. मेंढ्यांच्या कोकरांवरही तसेच प्रयोग झाले, तिथं खाद्याच्या किलोमागं काहीशे मिलिग्रॅम असे डोस वापरले गेले.

बरं मग प्रॉब्लेम कुठंय? प्रॉब्लेम सोलापूरचाच आहे. आपल्याकडं मटण दिवसेंदिवस टिकवतंय कोण? रविवारी पहाटे बोकड कापला, सातला दुकानासमोर रांग, "चाचा रानातलं (म्हणजे मांडीचं) द्या, चरबी कमी", "चाप पण टाका दोन", अकरा-बारापर्यंत हूक रिकामा. दुपारी दीडला ते मटण काळ्या मसाल्यात शिजून कडक भाकरीबरोबर पोटात. त्याचा रंग चौथ्या दिवशी लाल राहतो का तपकिरी पडतो याचं कुणाला काय करायचंय! व्हिटॅमिन ईचा मटणातला खरा फायदा म्हणजे टिकाऊपणा, आणि ज्या गावात मटण टिकवायची पद्धतच नाही तिथं तो फायदा विकायचा म्हणून त्याला 'लुसलुशीत' असं गोंडस नाव दिलंय. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

घरात पुतण्याचं जावळ होतं तेव्हा एक चांगली संधी आली. उस्मानाबादीला जुळी होणं नेहमीचंच, एका शेळीचे दोन बोकड बरोबरच वाढलेले होते. मामंजींना मी आधीच सांगून ठेवलं होतं की एकाला ही पावडर द्या आणि दुसऱ्याला पावडर नको, त्याऐवजी विहिरीकडचा लसूणघास द्या. कडबा, भरडा दोघांना सारखा. मामंजी हसले, म्हणाले "सूनबाई, बोकडाचीबी परीक्षा घ्यायलीस होय." पण दिलं त्यांनी नीट, दोन्हीकडं वेगळं बांधून.

जावळाच्या दिवशी दोन्ही कापले, मी दोघांच्या रानातला एकेक तुकडा काढून घेतला, तिसरा तुकडा त्याच सकाळी बाजारातून आणलेल्या मटणातला, तोही रानातलाच. तीन स्टीलच्या ताटल्या, झाकण नाही, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, सासूबाईंची बडबड ऐकत. त्याच संध्याकाळी तिन्ही सारखेच लाल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारातल्या तुकड्याच्या कडा तपकिरी, मध्ये अजून लालसर पण मंद. पावडरवाला आणि लसूणघासवाला, दोन्ही बरेच चांगले. त्या दोघांत मला तरी फरक दिसला नाही, आमच्या ह्यांना विचारलं तर ते म्हणाले घासवाला जरा उजळ, पण त्यांना कुठला कोणता ते माहीत होतं त्यामुळं तो निकाल धरत नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिन्ही ताटल्या बाहेर काढायला लावल्या आणि प्रयोग बंद. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, बाजारातल्या बोकडानं काय खाल्लं होतं तेही माहीत नाही, पण हिशोबाशी हे जुळतं. हिरव्या ताज्या लसूणघासात कोरड्या वजनाच्या किलोमागं शंभर मिलिग्रॅमच्या आसपास ई असतं, कधी जास्तही. दोन किलो ओला घास म्हणजे कोरडा चारशे-साडेचारशे ग्रॅम, म्हणजे चाळीस-पन्नास मिलिग्रॅम ई. पावडरमधलं ई सिंथेटिक अ‍ॅसिटेट असतं, त्याचा एक मिलिग्रॅम म्हणजे एक आययू. चमच्याचे ५० आययू आणि दोन किलो घास, जवळपास बरोबरी. साडेतीनशेच्या डब्यात जे आहे ते विहिरीच्या बांधावर उगवतंय.

चव? जावळात दोन्ही एकाच पातेल्यात गेले, तिथं काय कळणार. पण थोडं थोडं मी बाजूला ठेवलं होतं ते दोन कुकरमध्ये, तोच मसाला, तेवढ्याच शिट्ट्या. घरातल्या कुणालाही ओळखता आलं नाही. दोन्ही मऊ, कारण दोन्ही कोवळे बोकड होते.

आणि हेच तर आहे. मटण मऊ का निबर हे जनावराचं वय, कुठला भाग, शिरा-स्नायूंतलं कोलॅजन आणि कापल्यावर तुम्ही त्याला किती वेळ देता यावर असतं. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, थंडाव्यात एक-दोन दिवस ठेवलं तर मांसातलेच एन्झाइम तो ताठरपणा परत सैल करतात. आपण नेमकं ताठरायच्या सुमाराला आणतो आणि लगेच शिजवतो, मग म्हणतो "बोकड जुना घातला वाटतं". तर त्यात व्हिटॅमिन ई काय करणार. म्हातारी शेळी वर्षभर पावडर खाल्ली तरी म्हातारीच.

मऊपणासाठी एका वेगळ्या व्हिटॅमिनवर प्रयोग झालेत खरे, ते म्हणजे डी३. कापायच्या आधीचे काही दिवस डी३चा खूप मोठा डोस द्यायचा, रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि मांस सैल करणारे ते एन्झाइम कॅल्शियमवर चालतात म्हणून मांस मऊ होईल अशी कल्पना. कधी फरक पडला, कधी नाही, वर जनावराचं खाणं मंदावतं आणि यकृतात डी साठतं, जे आपण कलेजी म्हणून खातो. त्यामुळं ते कुठं रूढ झालं नाही. हे मुद्दाम लिहिते कारण आमच्या काउंटरवरच एकानं विचारलं होतं, "मॅडम ते माणसांचं डी३चं साठ हजारवालं सॅशे बोकडाला चालतंय का, मटण मऊ होतंय म्हणे." नाही चालत. ईदच्या तोंडावर तर अजिबात नको.

रंगाबद्दल एक गोष्ट आमच्या खाटिकचाचांनी सांगितली ती पावडरपेक्षा जास्त कामाची आहे. मी त्यांना विचारलं, चाचा पावडरवाला बोकड तुम्हाला कापताना वेगळा वाटला का. ते म्हणाले, "बेटा, मला पावडर कळत नाही, मला टेम्पो कळतो." म्हणजे काय, तर बाजारातून रात्रभर टेम्पोत कोंबून, पाणी नाही, चारा नाही, एकमेकांच्या अंगावर पडत आलेला बोकड कापला की मांस काळपट निघतं आणि हाताला चिकट लागतं, आणि तोच बोकड एक दिवस सावलीत पाणी-चारा देऊन ठेवला तर चांगलं निघतं. पुस्तकी भाषेत याचं कारण असं की घाबरलेल्या उपाशी जनावराच्या स्नायूतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपून जातो, मग कापल्यावर हवं तेवढं लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होत नाही, पीएच वर राहतो (म्हणजे मांस हवं तेवढं आंबट होत नाही) आणि मांस गडद, कोरडं दिसतं, लवकर खराबही होतं. शेळ्यांत हा त्रास बऱ्यापैकी दिसतो कारण जनावर भित्रं. चाचांनी हे सगळं पीएच वगैरे न शिकता टेम्पोत बसवलंय. ज्याला बोकडाचं मटण लालभडक हवंय त्यानं डबा घ्यायच्या आधी गाडीभाडं थोडं जास्त देऊन मोकळी गाडी करावी, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

आता डोसचा मुद्दा, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडलेय. समजा तुम्ही खरंच टिकाऊ मटणाच्या धंद्यात आहात, पॅक करून पुण्या-मुंबईला थंड गाडीतून पाठवता. तुम्हाला तो लाल रंग चार दिवस टिकलेला हवाच आहे. मग मेंढ्यांवरच्या प्रयोगांच्या हिशोबानं पंचवीस किलोच्या बोकडाला, जो दिवसाला किलोभर कोरडं खातो, रोज दोनशे-तीनशे आययू तरी लागतील. अडीचशे धरा. चमच्यात मिळतात ५०. मग पाच चमचे द्यायचे? दिले तर रोजचे साडेसतरा रुपये एका बोकडामागं, तीन महिन्यांत दीड हजाराच्या वर. पैशाचं सोडा, सोबत सेलेनियमही पाचपट जातंय, ०.५ मिलिग्रॅम. सेलेनियम गरजेचं आहे पण त्याची सुरक्षित जागा फार अरुंद असते, अमेरिकेत खाद्यात वरून घालायची मर्यादा किलोमागं ०.३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे या डब्यातून मटणाला पुरेल एवढं ई द्यायला गेलात तर सेलेनियमची रेघ ओलांडता, आणि सेलेनियमची रेघ सांभाळली तर ई मटणाला पुरत नाही. अशा मिक्सवर मांसाचा दावा छापणं म्हणजे निव्वळ दुकानदारी. ज्याला खरंच गरज आहे त्यानं नुसतं व्हिटॅमिन ईचं फीड-ग्रेड प्रीमिक्स वेगळं मागवावं, डॉक्टरांना विचारून डोस ठरवावा.

इथपर्यंत वाचून वाटेल मग तीन स्टार कशाला. ते करडांसाठी.

आमच्याकडं मार्च ते जून काय परिस्थिती असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, बांधावर हिरवं काडीभर नाही, विहीर तळाला, गव्हाणीत फक्त ज्वारीचा कडबा. कडबा मालदांडीचा असला तरी कडबाच, पोट भरतो पण उन्हात वाळताना त्यातलं कॅरोटीन (ज्यापासून व्हिटॅमिन ए बनतं) आणि ई बरंचसं उडून गेलेलं असतं. गाभण शेळी महिनोन्महिने त्याच्यावर राहिली की तिच्याकडून करडाला जे मिळायला पाहिजे ते मिळत नाही, कारण ई पोटातल्या करडाकडं फारसं जातच नाही, ते जातं चिकातून, आणि चिकात यायला आईच्या अंगात पाहिजे. ई आणि सेलेनियम दोन्ही कमी पडले की करडांचे स्नायूच खराब होतात, करडू मागच्या पायात ताठ चालतं, उठता येत नाही, कधी धडधाकट दिसणारं करडू पळता पळता पडून मरतं कारण हृदय हाही स्नायूच असतो. यालाच पांढऱ्या स्नायूंचा रोग म्हणतात, मेल्यावर उघडलं तर मांसावर पांढुरके पट्टे दिसतात. आमच्याकडं मागच्या उन्हाळ्यात अशी ताठ पायांची करडं निघाली होती, डॉक्टरसाहेबांनी ई-सेलेनियमचं इंजेक्शन दिल्यावर उठली. यंदा गाभण शेळ्यांना शेवटच्या दीड-दोन महिन्यांत ही पावडर लेबलच्याच डोसनं दिली आणि करडं जन्मल्यापासून उड्या मारत होती, चीक प्यायला आपणहून उभी राहिली. पावडरमुळंच असं छातीठोक म्हणत नाही, यंदा शेवरीचा पालाही थोडा मिळाला होता, पण या कामासाठी डोस बरोबर आहे आणि कारणही पटण्यासारखं आहे.

व्हिटॅमिन एचंही तसंच, कडब्यावरच्या शेळीला उन्हाळ्यात कमी पडू शकतं. यकृतात साठा असतो, दोन-तीन महिने निभतं, मग आधी रात्रीचं दिसेनासं होतं, जनावर संध्याकाळी गोठ्यात शिरताना खांबाला धडकतं. उन्हाळा लांबला तर पावडर उपयोगी. बी-कॉम्प्लेक्स मात्र लेबल सजवायलाच आहे, मोठ्या शेळीच्या पोटातले जंतू बी जीवनसत्त्वं स्वतःच बनवतात, कोबाल्ट मिळालं की बी१२ सुद्धा.

बाजारात अजून एक बोलणं ऐकायला मिळतं, हिरवं किंवा व्हिटॅमिन खाऊ घातलं की चरबी पिवळी होते, गिऱ्हाईक घेत नाही. गाईचं असू शकतं, तिच्या चरबीत कॅरोटीन जसंच्या तसं साठतं. शेळी कॅरोटीनचं जवळपास सगळं व्हिटॅमिन ए करून टाकते, म्हणून कितीही लसूणघास घाला, चरबी पांढरीच राहते, दूधही पांढरं. या भीतीनं हिरवं बंद करणारे लोक मी पाहिलेत, नका करू. उलट जपानमध्ये वाग्यू जातीच्या गुरांना चरबीचं जाळं मांसात जास्त पसरावं म्हणून काही महिने मुद्दाम व्हिटॅमिन ए कमी देतात, आणि त्यात जनावर आंधळं होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. ते त्यांच्या पैशाच्या मटणाला परवडतं.

दाजींचा बार्शीकडं ब्रॉयलरचा शेड आहे, त्यांना हा सगळा विषय सांगितला तर त्यांचं म्हणणं आमच्या कोंबडीच्या खाद्यात कंपनीच घालून पाठवते, आपण काही वेगळं करायचं नसतं. खरं तर व्हिटॅमिन ईचा फायदा कोंबडीच्या मांसाला शेळीपेक्षा जास्त दिसतो. शेळीच्या पोटातले जंतू चाऱ्यातली तेलं घट्ट करून टाकतात, म्हणून तिची चरबी कडक आणि टिकाऊ. कोंबडीला जसं तेल घालाल तशी तिची चरबी मऊ, आणि मऊ चरबी हवेला लवकर बळी पडते. फ्रिजमधलं कालचं चिकन गरम केलं की जो एक शिळा कोंदट वास येतो तो त्यामुळंच, आणि प्रयोगांत किलोला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास ई घातलेल्या खाद्यावरच्या कोंबड्यांत तो खवटपणा कमी निघालाय. पण हे परत फ्रोझन चिकन विकणाऱ्यांच्या कामाचं.

तक्रारी अजून दोन. एक, डब्यावर शेळीबरोबर मेंढीचंही चित्र आहे आणि आत कॉपर किलोला १,२०० मिलिग्रॅम. शेळी ते पचवते पण मेंढीला कॉपर चांगलंच बाधतं, यकृतात गुपचूप साठत राहतं आणि एक दिवस अचानक कावीळ, लालकाळी लघवी, मेंढी खल्लास. आपल्याकडं सांगोला-माढ्याच्या बाजूला दख्खनी, माडग्याळ मेंढ्यांचे कळप आहेत, त्यांनी हा डबा मेंढीला घालू नये असंच मी म्हणेन, दुकानदार काहीही सांगो. दोन, ठेवायची जागा. दुकानाचं गोडाऊन पत्र्याचं, मे महिन्यात आत हात लावला तर डबा गरम लागतो. ई अ‍ॅसिटेट तसं टिकतं, पण व्हिटॅमिन ए उष्णतेनं आणि सोबतच्या कॉपर-झिंकमुळं हळूहळू कमी होत जातं. म्हणून तारीख बघून, शक्यतो दोन-तीन महिन्यांच्या आतला डबा घ्या आणि घरी आणल्यावर माठाच्या बाजूला सावलीत ठेवा, शेडमध्ये खिळ्याला टांगू नका. माझ्यासमोर फळीच्या मागून धूळ पुसून एक डबा काढला होता, एक्सपायरीला महिनाभर बाकी, भाव तोच. परत दिला.

आणि ज्यांनी आधीच ई-सेलेनियमचं इंजेक्शन मारलंय त्यांनी लगेच पावडर सुरू करू नका, डॉक्टरांना सांगा. दोन्हीकडून सेलेनियम जातं आणि ते अंगावर येतं.

बकरी ईदला बोकड बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं डबा बघून तोंड वाकडं केलं, "इंजेक्शन-बिंजेक्शनचा माल आहे का?" त्यांना सांगितलं की हे व्हिटॅमिन आहे, हार्मोन नाही, वजन फुगवायचं औषध नाही. वजन वाढतं भरड्यानं, पेंडीनं आणि वेळेवर जंताचं औषध दिल्यानं. पावडरमुळं बोकडाचं वजन वाढल्याचं आम्हाला तरी दिसलं नाही, जुळ्यांत दोघांचं वजन उन्नीस-बीस होतं. डब्यावरच्या 'वजनदार'चा निकाल तिथंच लागतो.

तर ज्यांच्याकडं विहीर-बोअर आहे, गुंठाभर लसूणघास, बांधाला शेवरी-शेवगा लावता येतो, त्यांनी हे पैसे बियाण्यात घालावेत. ज्यांच्याकडं उन्हाळ्यात फक्त कडबा आहे आणि शेळ्या गाभण आहेत त्यांनी ही पावडर जरूर घ्यावी, लेबलच्या डोसपुढं जाऊ नये. मटण विकण्यासाठी म्हणून घेऊ नये. मामंजी यापुढं गाभण शेळ्यांना शेवटच्या दोन महिन्यांपुरतीच देणार म्हणतात, आणि शेवटच्या डब्यात जे उरतं ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काय कामाचं राहत नाही. अर्धा किलोचा ताज्या तारखेचा पॅक अक्कलकोट रोडला किंवा बाळे गावाच्या बाजूला कुठं मिळत असेल तर सांगा, आमच्या दुकानदाराकडं येतच नाही.